काकीने ठेवलेले पेपर

पुरवणीची चार पानं घडी करून पिशवीत घातली, वर केळी ठेवली आणि मुलुंडहून रिक्षानं घाटकोपरला निघाले. केळी वर अशासाठी, की वाऱ्यानं पेपर उडू नये. माझं निम्मं आयुष्य पेपर सांभाळण्यात गेलंय असं माझी मुलगी म्हणते आणि ते फारसं खोटं नाही.

पेपरांनी गेल्या जूनपासून आणीबाणीच्या पन्नाशीची लेखमाला चालवली आहे. आज सत्त्याहत्तरच्या मार्चमधल्या त्या मतदानाची पाळी होती. पेपरवाले दर वर्षी हौसेनं त्याला ‘मतपेटीतली क्रांती’ म्हणतात. पहिल्या पानावर गर्दीचा मोठा फोटो, आत पुढाऱ्यांच्या आठवणी, आणि तिसऱ्या पानावर खाली कोपऱ्यात एक चौकट. ती माझ्या वडिलांबद्दल आणि आमच्या शेजारच्या काकीबद्दल आहे. काकीचं पूर्ण नाव छापलंय, सत्यभामा परब. काकी आता नव्वदीला टेकली. डोळे गेले. एका कानानं ऐकू येतं, तेही आपण ओरडलो तर. तो कान शाबूत आहे तोवर पेपरात तिचे आभार मानले जावेत आणि ते मी तिला वाचून दाखवावेत, एवढी एक इच्छा मी कित्येक वर्षं धरून होते. म्हणून मीच त्या पेपरला फोन केला, मीच सगळं सांगितलं. आणि आज सकाळी चहाच्या कपासोबत पाहते तर नाव बरोबर आणि बाकीचं भलतंच. मुलुंड ते घाटकोपर मी रिक्षात एकटीच धुमसत होते.

रिक्षावाल्यानं भटवाडीच्या चढाखाली सोडलं. “मॅडम, वर नाही येत, गाडी गरम होते.” मी म्हटलं, बरं बाबा, मी चढते, मीही गरमच आहे.

हा चढ मात्र कोणी पुनर्विकासाला दिलेला नाही. तो तसाच आहे. दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्या, नळाच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, पण वाऱ्याची एक झुळूक आली आणि तिच्यात वाळलेल्या बोंबलांचा वास होता. मी चढावर तशीच थांबले. दम लागला होता हे खरं, पण थांबले वासासाठी.

आमची चाळ या उतारावर होती. बैठी, पत्र्याची, समोर लांबच लांब पडवी. आम्ही तिघं, आई, अण्णा आणि मी, आणि भिंतीपलीकडे काकी, तिचे दोन मुलगे आणि परळच्या गिरणीत जाणारे काका. काकी मालवणकडची. आईपासून दूधवाल्यापर्यंत सगळे तिला काकीच म्हणत. मधली भिंत इतकी पातळ की काकीकडे मिरचीची फोडणी पडली की शिंकायची आई. आम्ही शाकाहारी आणि काकीकडे रोज मासळी, पण त्यावरून दोघींचं कधी वाजलं नाही. वाजायचं ते पडवी कोणी झाडायची यावरून, आणि तेही दोघींना झाडायची असे म्हणून.

सकाळ पेपरच्या वासानं व्हायची. नव्या पेपरला ओलसर, किंचित रॉकेलसारखा वास येतो. रॉकेलच्या स्टोव्हवर चहा उकळत असायचा, त्यामुळे दोन्ही वास एकमेकांत मिसळायचे आणि मला लहानपणी वाटायचं की चहा पेपरमध्येच करतात. अण्णा फोर्टात कारकून होते. ते पडवीत पाट टाकून बसत, पेपर उघडत, आणि पहिलं पान होईपर्यंत चहाला हात लावत नसत. बोटं काळी झाली की पंच्याला पुसत आणि आई आतून ओरडे. अख्ख्या ओळीत तेवढा एकच पेपर. दुपारी तो काकीकडे जाई, पाळीवरून आलेले काका जेवता जेवता वाचत, आणि संध्याकाळी तो कालवणाचा एखादा डाग घेऊन परत येई. अण्णा डागाकडे बघून म्हणत, “आज बांगडा दिसतोय.” काकी पलीकडून ओरडे, “बांगडो नाय, पेडवे!” त्या घरात खोटं खपत नसे.

मग एका सकाळी अण्णा घरात नव्हते. का, ते मोठ्यांना ठाऊक होतं. मला इतकंच समजलं की ते नाशिकला आहेत, तिथं त्यांच्यासारखी पुष्कळ माणसं आहेत, आणि तिथून रजा मिळत नाही. मी चौथीत होते. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या. नव्या वह्यांना घालायची कव्हरं अण्णा करत, ती त्या वर्षी आईनं केली आणि सगळी तिरकी झाली.

आईनं तीन-चार दिवस पेपर घेतला. उभ्यानं चाळायची, शेवटचं पान आलं की खाली ठेवायची. तिच्या माणसाला घेऊन गेले होते आणि पेपरात त्याचं काही नव्हतं. कोणाचंच काही नव्हतं. सगळं कसं छान चाललंय एवढंच होतं. पाचव्या दिवशी तिनं पेपरवाल्याला पडवीतच सांगितलं, “उद्यापासून टाकू नका.”

“ताई, बिलाचं काही असेल तर—”

“बिलाचं नाही. मला तो घरात नको.”

काकी तिथंच भांडी विसळत होती. तिनं मान वर केली नाही. पण दुसऱ्या दिवशी पेपर पडला तो काकीच्या दारात. काकीला अक्षर वाचता येत नव्हतं. काकांना यायचं, पण आता त्यांच्यावर कडक नियम आला. जेवताना पेपर नाही, हात धुतल्याशिवाय पेपर नाही, पानं उलटताना थुंकी नाही. काका म्हणायचे, “ह्यो पेपर आसा की पोथी?” वाचून झाला की काकी तो मांडीवर घेऊन तळहातानं सारखा करायची, मूळच्या घडीवर घडी घालायची आणि तांदळाच्या पिंपावर ठेवायची. वर तिचं जुनं लुगडं. अधेमधे कडुनिंबाचा पाला, कसर लागू नये म्हणून.

तो ढीग वाढताना मी पाहिला आहे. आधी पिंपाच्या झाकणावर, मग भिंतीला टेकून, मग माळ्यावर. पावसाळ्यात पत्रा गळायचा, तेव्हा ढीग या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरायचा आणि काकीची मुलं गळक्या जागी झोपायची. गणपतीत रंग काढायचा म्हणून सगळं सामान पडवीत आलं, तेव्हा काकी दिवसभर त्या गठ्ठ्यांवर बसून राहिली आणि तिथूनच नारळ खवला. आम्हा पोरांना पतंगाला, होडीला, बुजगावण्याच्या पोटात भरायला पेपर हवा असायचा. “काकी, एकच दे ना गं.” “नाय. ते अण्णांचे आसत.” पुढच्या जूनमध्ये वह्या आल्या तेव्हा मी रडून पाहिलं. तरी नाही. तिनं तिच्या गावाहून आलेल्या पार्सलाचा खाकी कागद मला कापून दिला. त्या वर्षी माझ्या सगळ्या वह्यांना सुकटीचा वास होता आणि वर्गात माझ्या शेजारी कोणी बसत नव्हतं.

आईनं तो ढीग रोज पाहिला असेल. दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडीच असायची. पण ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही, आणि पेपर का लावलास हे काकीला कधी विचारलं नाही.

मग निवडणुका झाल्या. त्या दिवसांचं मला आठवतं ते फटाक्यांच्या दारूचा वास आणि काकांचा आवाज. काका पडवीत उभे राहून रेडिओवरची प्रत्येक जागा अख्ख्या उताराला ओरडून सांगत होते. पाडव्याच्या सुमारास अण्णा घरी आले. चढ चढताना दोनदा थांबले. दाढी वाढलेली, सदरा अंगावर सैल झालेला, हातात कापडी पिशवी. आई पुढे झाली नाही. दाराची चौकट धरून उभी राहिली. मी त्यांना नमस्कार केला, पाहुण्यांना करतात तसा. मला दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

आणि मागून काकी आणि काका आले. दोघांच्या डोक्यावर गठ्ठे. ते ठेवले, परत गेले, आणखी आणले. खोलीत कडुनिंबाचा आणि जुन्या तांदळाचा वास भरून गेला.

“हे घेवा अण्णा,” काकी म्हणाली. “तुमचे पेपर.”

अण्णांनी वरचा पेपर उचलला. तारीख पाहिली. ते ज्या दिवशी गेले त्यानंतरच्याच आठवड्यातली. त्या पेपरांत काय आहे आणि काय नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? जे छापत नाहीत ते बोलायचे म्हणून तर आत गेले होते. आई हळूच म्हणाली, “त्यात काय वाचण्यासारखं आहे?” अण्णा काकीकडे बघत म्हणाले, “आहे. सगळं वाचणार मी. आजवर माझ्यासाठी कोणी एवढं ठेवलं नव्हतं.” मग काका म्हणाले, “चाय टाका रे कोणीतरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पडवीत पाट टाकून बसले आणि त्यांनी पहिला पेपर उघडला. एका दिवशी एकच. पुढचा उघडायचा नाही, मागं राहायचं नाही. आजचा पेपरही येत होता, पण तो संध्याकाळी. सकाळ काकीच्या पेपराची.

त्यामुळे झालं असं की, आमच्या घरात दोन तारखा नांदायला लागल्या. बाहेर एक आणि पडवीत दुसरी. अण्णा म्हणत, “आज फार ऊन आहे दिल्लीत,” आणि ते ऊन केव्हाच उतरून गेलेलं असायचं. एका कसोटीत आपण हरणार हे सगळ्या जगाला ठाऊक होतं, पण अण्णा पाचव्या दिवसापर्यंत आशा सोडत नव्हते, आणि काका त्यांना निकाल सांगत नव्हते. काय ते काकांचं मन! एकदा आईनं त्या पेपरातली साड्यांच्या सेलची जाहिरात पाहिली. अंगावर चांगली साडी नेसून, मला सोबत घेऊन ती उतार उतरून स्टेशनपर्यंत चालत गेली. दुकानदार गुजराती, आईला ओळखणारा. त्यानं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “भाभी, ए सेल तर गया दिवाळीच्या पण आगळच्या दिवाळीत संपला ने.” आई तिथंच गादीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता पदर तोंडात कोंबला, तरी थांबेना. घरी येऊन तिनं अण्णांना सांगितलं आणि ते तिच्याकडे नुसते बघत राहिले. आल्यापासून त्यांनी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

पण खरी गंमत सकाळी असायची. अण्णांनी पेपर उघडला की काकी आपलं सूप घेऊन पडवीत यायची, तांदूळ निवडायला. थोड्या वेळानं विचारायची, “काय अण्णा, काय लिवल्यानी?”

अण्णा वरून खाली नजर फिरवायचे. भाषणं, घोषणा, शिस्त, गाड्या वेळेवर. मग पेपर मांडीवर टेकवायचे आणि म्हणायचे, “काकी, या तारखेला ना, आमच्याकडे...” आणि त्या दिवशी नाशिकला काय झालं ते सांगायचे. पेपरात जे नव्हतं ते. कॉलेजात शिकवणारे एक गृहस्थ भाकरी थापायला शिकले आणि पहिली भाकरी कोणाला खाऊ देईनात. कोणी फुटक्या घमेल्यात मोगरा लावला आणि त्याला पहिलं फूल आलं तेव्हा बराकीतल्या सगळ्यांनी रांगेनं वास घेतला. गणपती कणकेचा केला आणि विसर्जनाच्या आधीच मुंग्यांनी फस्त केला. एकाला मुलगी झाल्याची तार आली, तर गुळाचे खडे वाटले, आणि तो माणूस बाकीच्यांनी झोपायचं सोंग घेतल्यावर भिंतीकडे तोंड करून रडला. कोणत्या तारखेला काय, हे अण्णांना बरोबर आठवायचं. तारीख समोर असली की आठवायचं. एरवी विचारलं तर म्हणायचे, “काही नाही गं, दिवस गेले.”

मला आणि आईला त्यांनी थेट कधीच काही सांगितलं नाही. आम्ही दोघी आत असायचो, आई स्टोव्हशी, मी दप्तर भरत, आणि कान दोघींचे पडवीत. काकी मध्येच “अरे माझ्या कर्मा” म्हणायची, मध्येच हसायची, एखाद्या दिवशी तिचा सुपातला हात थांबायचा. त्या दिवशी अण्णा हळू बोलत आणि आम्हाला ऐकू यायचं नाही. मी आज जे काही माझ्या वडिलांबद्दल जाणते त्यातलं निम्मं त्या पडवीतून आत आलेलं आहे. सुटून आलेली कितीतरी माणसं पुढं घरातही गप्प राहिली म्हणतात. आमचे अण्णा बोलले. रोज थोडं थोडं, एका बाईनं ठेवलेल्या पेपराच्या निमित्तानं बोलले, आणि मग आमच्यात परत आले. याबद्दल मी देवाचे मानावेत तसे काकीचे आभार मानते.

शेवटचा पेपर निकालाचा होता. तोपर्यंत मी सहावीतून सातवीत गेले होते आणि ज्या सरकारबद्दल त्यात आनंदानं लिहिलं होतं त्याच्यात भांडणं लागली होती. तरी त्या सकाळी सगळी ओळ पडवीत जमली. काकांनी पाळी बदलून घेतली. अण्णांनी तो एकच पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचला, हरवलेल्या छत्रीच्या जाहिरातीसकट. काकीनं सर्वांना शिरा केला. नंतर घडी घालून अण्णा म्हणाले, “झालं. आता मी खरा घरी आलो.”

ते गठ्ठे पुढं गेले कुठं म्हणाल, तर रद्दीत. काकीनंच घातले. काम झालं होतं. भटवाडीतल्या भज्यांना आणि चिक्कीला पुढे कित्येक दिवस कडुनिंबाचा वास येत असणार. आज मला त्यातला एक मिळाला तर मी उशाशी घेऊन झोपेन, पण तेव्हा आम्हा कोणाच्याच ते मनात आलं नाही.

त्यानंतर दर वर्षी मार्च आला की पेपरांत त्या दिवसांची आठवण निघायची. सुरुवातीची वर्षं पहिल्या पानावर, मोठमोठ्या मथळ्यांत. मग आतल्या पानावर. मग एखाद्या वर्षी अग्रलेखाच्या खाली बोटभर मजकूर. कोणाचं सरकार आहे त्यावर ती आठवण फुगायची किंवा आटायची. अण्णा सगळं वाचत, चष्मा पुसून पुसून. लांबच्या नातेवाइकाच्या लग्नाचे फोटो बघावेत तसे ते फोटो बघत. ओळखीचे चेहरे शोधत, सापडले की खूश होत. वाचून झाल्यावर दर वर्षी एकच वाक्य बोलत, “खरं आहे सगळं. पण आपली काकी नाही यात.” आम्ही पुढे मुलुंडला राहायला गेलो तरी त्यांनी हे वाक्य सोडलं नाही. आईलाही ते पाठ झालं होतं. ती त्यांच्या आधी म्हणून टाकायची. ती गेली, मग काही वर्षांनी अण्णा गेले, आणि ते वाक्य माझ्याकडे आलं.

म्हणून यंदा फोन केला. पेपरकडून तन्वी नावाची मुलगी आली, अंधेरीची, माझ्या भाचीच्या वयाची. गोड मुलगी. फोनवर माझं बोलणं रेकॉर्ड करत होती आणि डोळे मोठे करून ऐकत होती.

“मॅम, त्यातला एखादा तरी पेपर आहे का? किंवा फोटो?”

“नाही गं. रद्दीत गेले.”

“म्हणजे प्रूफ असं काहीच नाही?”

“मी आहे की,” मी म्हटलं. “आणि काकी आहे.”

ती हसली. मग जाताना दारात वळून म्हणाली, “पण मॅम, त्यांनी ठेवले का? म्हणजे, वाचता येत नसताना?” मी सांगितलं, अण्णांचं वाचायचं राहू नये म्हणून. मला तेवढंच माहीत होतं.

आणि छापून काय आलं? ‘भावी पिढ्यांसाठी हा ऐतिहासिक दस्तऐवज जतन व्हावा, या दूरदृष्टीने श्रीमती सत्यभामा परब यांनी...’ दूरदृष्टी! दस्तऐवज! ज्या बाईनं काम झाल्यावर ते चिक्कीवाल्याला दिले तिची दूरदृष्टी. आभार मानायचे ते तिनं जे केलं त्याचे मानायला हवेत ना? नाहीतर ते दुसऱ्याच कोणाचे होतात.

चाळीच्या जागी आलेल्या इमारतीत आठव्या मजल्यावर काकीच्या सुनेनं दार उघडलं. काकी खिडकीशी खाटेवर बसली होती. पाय लोंबकळत होते. ती इतकी लहान झालीय.

“कोण?”

“मी गं, काकी!” मी तिच्या चांगल्या कानाशी ओरडले.

“माका कळला. पावलां वाजली तुझी. वजन वाढलां काय गो?” तिनं माझा दंड चाचपला. “वाढलां. बरां झाला.”

मी तिच्याजवळ बसले, पुरवणी काढली. “काकी, पेपरात तुझं नाव आलंय.”

“माझां? कित्याक? मी मेलंय काय?”

सून आतून हसली. मी चौकट वाचायला लागले. अण्णांचा भाग ऐकताना काकी मान हलवत होती. नाव आलं तेव्हा तिनं माझा हात धरला. “सत्यभामा परब? असां लिवल्यानी? मिस्टरांचा नाव नाय मदी?” “नाही. तुझंच.” तिनं कान जवळ आणला. “परत वाच.” मी परत वाचलं. मग पुढचं वाक्य आलं, दूरदृष्टीचं. मी ते गिळणार होते, पण तिनं हात सोडला नव्हता. वाचलं.

काकी हसली. खांदे हलवून, दात नसलेलं तोंड उघडून हसली. “माझी दूरदिष्टी? गो, माका हंयसून दार दिसणा नाय!”

“काकी, मी त्यांना फोन करते. चूक सुधारायला लावते. सांगते, अण्णांचं वाचायचं राहू नये म्हणून ठेवले होतेस.”

“तां पण खरां नाय,” काकी म्हणाली.

“म्हणजे?”

“वाचूक काय होतां त्या पेपरात? तुझे काका रोज म्हणत, कायएक नाय, नुसतां गुळमुळीत. ता माका ठावक होतां.” तिनं लुगड्याचा पदर मांडीवर सारखा केला, तळहातानं, पुन्हा पुन्हा. “आमच्याकडे कसां, घरातलो माणूस भायर गेलो, दर्यावर गेलो, बोटीर गेलो, तर तेचो वाटो काढूचो. रोज. जेवाण झाला की पयलो तेचो वाटो, झाकान. मगे तो कोणी खाव, गाय-गोरवांक घाल, पण काढूचो. वाटो काढलो की माणसाक परत येवचाच लागता. आता अण्णा गेले. भाताचो वाटो कसो काढू? तुमी बामण, मी नुस्त्या-मासळीची. तर ह्या माणसाचां ह्या घरात काय होतां? सकाळचो पेपर. म्हणान तो काढलंय.”

मी पुरवणी घडी करून बाजूला ठेवली.

“तुझी आवस धीर सोडी होती. तिका मी काय सांगतलंय? तिच्या नजरेसमोर रोज एक पेपर ठेवलंय. ती बघी. ती कायएक बोलली नाय, पण तिका कळलां होतां.” खाली शाळा सुटल्याचा गलका होत होता. “माझो भाव होतो. बाबल. गलबतार गेलो. मी चेडू, धा-अकरा वर्सांचां. आवस वाटो काढी. मगे पाऊस गेलो, दिवाळी झाली, तांदूळ सरले. लोक म्हणाक लागले, आता खंयचो येता. एक दिवस आवशीन काढूचो बंद केल्यान.” तिनं माझ्याकडे चेहरा वळवला, डोळ्यांचा काही उपयोग नसताना. “तो इलो नाय. मी आवशीक कधी बोललंय नाय. पण तुमचो पेपर मी एक दिवस चुकवूक नाय.”

मी तिचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. अण्णा परत आले, बोलते झाले, आईचं हसू परत आलं. त्या सगळ्याच्या तळाशी एक मुलगा होता, ज्याचं नाव मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. मी रडत होते आणि काकीला ते दिसत नव्हतं, पण हाताला कळलं असावं.

“काकी,” मी तिच्या कानाशी म्हटलं, आणि पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं, “तू होतीस म्हणून अण्णा आम्हाला परत मिळाले. मी तुझे आभार मानायला आलेय.”

“असां पेपरात लिवल्यानी?”

“नाही. पेपरात लिहिलंय की लोकांनी मतं दिली म्हणून ती माणसं सुटली.”

“मगे? खरां तां लिवल्यानी,” काकी ठसक्यात म्हणाली. “मत काय मी देवक नाय? उन्हात उभी रवान दिलंय, दोनय झिलांक हाताक धरून. वाटो पण काढलंय, मत पण दिलंय. एकाच्याच भरवशार माणूस कसो सोडतलंय?”